दोन रात्री, एक सॅक : शनिवार-रविवारच्या सहलीला नेमकं किती सामान न्यावं?

चाफेकळी

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आम्ही वाईला दोन रात्री राहून आलो. ढोल्या गणपती, मेणवलीचा घाट, पाचगणीला एक चक्कर, एवढंच. रविवारी रात्री कोथरूडला घरी आल्यावर मी सगळ्या बॅगा पलंगावर उलट्या केल्या आणि कपड्यांचे दोन ढीग लावले. एक अंगाला लागलेल्यांचा, दुसरा घडीही न मोडता परत आलेल्यांचा. दुसरा ढीग मोठा निघाला. पाच माणसांचे ४३ कपडे नेले होते, वापरले १९. शिवाय इस्त्री, विजेची किटली, दोन चादरी, तीन टर्किश टॉवेल आणि मुलाची बॅट. बॅट डिकीतून बाहेरसुद्धा निघाली नाही.

गाडी होती म्हणून हे खपून गेलं. आता सहामाही परीक्षा संपली की दिवेआगर-हरिहरेश्वर करायचं ठरलंय आणि या वेळी गाडी नाही. अहोंना सुट्टी नाही. मी, सासूबाई, मुलगी (आठवीत) आणि मुलगा (चौथीत) असे चौघं स्वारगेटहून एसटीने जाणार. शुक्रवारी सकाळी निघून रविवारी रात्री परत.

सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. चालतात चांगल्या, पण एसटीची पायरी चढता-उतरताना त्यांना हात लागतो. म्हणजे माझा एक हात आईंसाठी मोकळा पाहिजेच. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालणार नाही. पाठीवर एक सॅक, बस्स. हे जमतं का? जमवलेल्यांनी नीट सांगा. काय ठेवलं, काय सोडलं आणि सोडल्याचा पश्चात्ताप कशाचा झाला, तेही.

---

गडवाटा

जमतं. मी दर महिन्याला एक मुक्कामी ट्रेक करतो. गेल्या खेपेला गुंजवण्यातून राजगड चढलो, पद्मावती देवळात मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी उतरलो. दोन लिटर पाणी धरून सॅक साडेपाच किलो भरली.

हिशोब साधा आहे. एक जोड अंगावर, एक सॅकमध्ये, रात्रीसाठी एक पॉलिस्टरचा टी-शर्ट आणि हलकी पँट. तिसरा जोड घ्यायचाच नाही.

जीन्स पहिल्यांदा बाहेर काढा. माझी जीन्स घरच्या काट्यावर ६८० ग्रॅम भरली, ट्रेकची पँट २९०. वजन एक वेळ सोडा, पण जीन्स भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि ओली जीन्स पाठीवर वाहणं ही शिक्षा आहे.

टर्किश टॉवेलही तसाच. ५२० ग्रॅम कोरडा. आंघोळ झाल्यावर पिळून भरला की किती होतो ते तुम्हीच पाहा.

---

रविवारपेठी

टॉवेलच्या जागी पंचा. आजोबांच्या काळापासून चालत आलेली वस्तू आहे आणि तिला तोड नाही. पातळ, सुती, तासाभरात वाळतो. उन्हात डोक्याला, बसमध्ये मानेखाली, किनाऱ्यावर बसायला. चार माणसांत चार पंचे मिळून एका टर्किश टॉवेलची जागा खातात.

---

निशिगंध

+१ पंच्याला.

पण 'गडवाटा' म्हणतात तसे पॉलिस्टरचे टी-शर्ट कोकणात नकोत, असं माझं ठाम मत. गडावर वारा असतो. श्रीवर्धन-दिवेआगरला ऑक्टोबरात दमट उकाडा असतो, सिंथेटिक कपडा अंगाला चिकटतो आणि संध्याकाळपर्यंत वास धरतो. मलमलचे किंवा पातळ सुती कुर्ते न्या. चुरगळले तर चुरगळू देत, समुद्रावर इस्त्री बघायला कोण येतंय?

दमट हवेत कपडे वाळत नाहीत ही अडचण खरी. त्यावर माझ्या आईची युक्ती : धुतलेला कपडा नेहमीसारखा पिळून घ्यायचा, मग कोरड्या पंच्यावर पसरायचा, पंच्यासकट घट्ट वळकटी करायची आणि दोघांनी दोन टोकं धरून पीळ द्यायचा. पंचा पाणी ओढून घेतो. मग कपडा रात्रभर पंख्याखाली. सकाळी घालण्याइतका कोरडा होतो. पंचा मात्र सकाळी उन्हात टाकायला विसरायचं नाही.

---

गडवाटा

वळकटीवरून आठवलं. कपड्यांच्या घड्या न घालता वळकट्या करून भरा. सुरकुत्या कमी पडतात आणि वरून बघितलं की कुठला कपडा कुठे आहे ते दिसतं. वजन यात कमी होत नाही, जागा वाचते. वाचलेल्या जागेत आणखी कपडे कोंबले तर मग काय उपयोग!

---

तुळसमंजिरी

मी जरा वेगळं बोलणार आहे. कोणाला टोचलं तर राग मानू नका.

'एक जोड अंगावर, एक सॅकमध्ये' हे एकट्या माणसाचं गणित आहे. मी पंधरा वर्षं घरच्यांच्या बॅगा भरतेय. आमच्याकडे पुरुषमंडळींचं सामान हलकं असतं याचं कारण त्यांची दाढीची क्रीम, गोळ्या, चार्जर, रुमाल, चष्म्याचं घर हे सगळं माझ्या पिशवीत असतं. प्रवासात कोणी 'अगं, कैची आहे का?' विचारलं आणि मी 'नाही' म्हटलं, तर जणू काही माझीच चूक. म्हणून पुढच्या वेळी मी कैची घेते. त्याच्या पुढच्या वेळी सुई-दोरा. 'असू दे, लागली तर' असं म्हणत म्हणत पिशवी फुगत जाते, आणि ते लागणं माझं स्वतःचं क्वचितच असतं.

चाफेकळी, तुझे ते ४३ कपडे कोणी भरले होते? तूच ना? मुलांनी आपापले भरले असते तर तुला इस्त्रीची आठवणसुद्धा झाली नसती.

माझा सल्ला एकच. कपडे कमी कर, पंचा घे, सगळं कर, पण आधी प्रत्येकाची पिशवी वेगळी कर आणि ज्याची त्याला भरू दे. आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा हे नक्की करू शकतात. मुलगा चड्डी विसरला तर एकदा विसरेल, दुसऱ्यांदा नाही.

---

निशिगंध

तुळसमंजिरी, हे प्रिंट काढून फ्रिजवर लावते.

---

बावधनकर

पटलं. माझी बायको चार दिवस माहेरी गेली तेव्हा मला कळलं की घरात नेलकटर कुठे असतो हे मला माहीत नाही. सहलीला तो आपोआप हजर असायचा!

---

गडवाटा

तुळसमंजिरी ताई, तुमचं बोलणं वाचून रात्री थोडा विचार केला. राजगडावर माझी सॅक साडेपाच किलो होती, बरोबर. पण स्टोव्ह आणि पातेलं दुसऱ्याच्या सॅकमध्ये होतं, दोर तिसऱ्याच्या, प्रथमोपचाराची पेटी चौथीच्या. त्या चौथीची सॅक ११ किलो होती आणि चढताना तिने ती कोणाला दिली नाही. पुढच्या ट्रेकला सामायिक सामान वजन करून वाटायचं, असं आज ग्रुपवर लिहिलं. वाटणीत पेटी मी घेतली आहे.

---

सदाशिव काका

धागा वाचून जुने दिवस आठवले. १९७०च्या सुमारास आम्ही मे महिन्यात रत्नागिरीला जायचो. एक लोखंडी ट्रंक, एक होल्डॉल, पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि येताना आंब्याच्या करंड्या. होल्डॉल म्हणजे जाड कॅनव्हासचा, त्यात गादी, उशा, चादरी गुंडाळून चामड्याच्या पट्ट्यांनी आवळायचा. तेव्हा उतरू तिथे अंथरूण मिळेल अशी खात्री नसे, म्हणून अंथरूण सोबत. एसटीच्या मागच्या शिडीवरून हमाल तो टपावर चढवायचा आणि वडील खाली उभे राहून तो नीट बांधला जाईपर्यंत बघत राहायचे. घाटात बस वळली की आई वर बघायची, जणू छतातून ट्रंक दिसणार आहे.

सांगायचं हे की तेव्हाचं सामान गरजेचं होतं. आज लॉजवर गादी आहे, चादर आहे, कोपऱ्यावर दुकान आहे, खिशात फोन आहे. तरी आपण चादरी नेतो. चाफेकळी, तुमच्या त्या दोन चादरींबद्दल म्हणतोय. रागावू नका.

---

चाफेकळी

काका, रागावत नाही. पण चादरींचं कारण आहे. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी (नाव नको) फोनवर 'सगळं मिळेल' म्हणाले आणि गेल्यावर दिलेल्या चादरींना इतका कुबट वास होता की मुलं रात्रभर झोपली नाहीत. तेव्हापासून मी चादर सोडत नाही. असलं काही झालं की पुढे दहा सहलींना ते ओझं आपण वाहतो.

---

मावळतीचा वारा

त्यावर उपाय : जुनी सुती साडी. आमच्या आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं नऊवारी लुगडं आम्ही प्रत्येक सहलीला नेतो. दुहेरी अंथरलं की गादी झाकते, उरलेला भाग पांघरायला येतो. बसच्या खिडकीत उन्हाला पडदा, किनाऱ्यावर मुलांना कपडे बदलायला आडोसा. घडी केली की एका कुर्त्याएवढी. चादर कधी असं करेल?

---

औषधपेटी

मी औषधाच्या दुकानात बसतो, म्हणून फक्त गोळ्यांवर लिहितो. बाकी सगळं कमी करा, हे करू नका.

आईंच्या रोजच्या गोळ्या (बीपी, शुगर, थायरॉइड, जे असेल ते) तीन दिवसांच्या लागत असतील तर पाच दिवसांच्या न्या. घाटात दरड आली, एसटी चुकली, एक रात्र वाढली, असं होतं. लहान गावात तुमचीच कंपनी आणि तुमचीच ताकद मिळेल असं नाही.

जागा वाचवायला गोळ्या पट्टीतून काढून डबीत मिसळू नका. पट्टी कापायची तर नाव आणि मुदतीची तारीख राहील असा तुकडा ठेवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दोन फोनांत ठेवा, एका नाही.

कोणी इन्सुलिन घेत असेल तर ते उन्हात उभ्या गाडीत सोडायचं नाही आणि बर्फाला थेट चिकटवायचंही नाही. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

ओआरएसची दोन-तीन पाकिटं. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायचं. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात अंदाजाने टाकतात, ते चूक आहे. मुलांना बस लागत असेल तर गोळी निघण्याआधी द्यायची, ताम्हिणी घाटात वळणं सुरू झाल्यावर नाही. मात्रा तुमच्या डॉक्टरांना विचारून.

हे सगळं मिळून पाव किलोसुद्धा होत नाही.

---

विमानवेडा

पॉवर बँकचा विषय कोणीच काढला नाही? १०,००० एमएएचची पुरते, २०,००० ची वीट नको. आणि विमानाने जात असाल तर ती चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. लोहगावला बघितलंय, ऐन रांगेत लोक बॅग उघडून पॉवर बँक शोधत बसतात.

---

रविवारपेठी

त्या एसटीने चालल्यात हो.

---

विमानवेडा

धागा 'शनिवार-रविवारची सहल' आहे, म्हणून लिहिलं. दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

---

पिरंगुटची पोर

पावसाबद्दल. ऑक्टोबर असला तरी परतीचा पाऊस दुपारनंतर कधीही गाठतो, आणि ताम्हिणी म्हणजे ताम्हिणी. आमच्या दारावरूनच रस्ता जातो तिकडे : चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी आणि पुढे घाट.

सॅकवर रेनकव्हर घालून लोक निर्धास्त होतात. पाठीकडची बाजू उघडी असते. पाठीवरून ओघळलेलं पाणी तिथूनच आत शिरतं. त्यापेक्षा सॅकच्या आत एक मोठी जाड पिशवी अस्तरासारखी घाला आणि सगळं सामान तिच्यात भरून तोंड पिळून बंद करा. सॅक चिंब झाली तरी कपडे कोरडे. नवीन प्लॅस्टिक विकत घ्यायला नको. पाच किलो तांदळाच्या जाड पिशव्या येतात ना चेनवाल्या, त्या धुऊन ठेवा. मुलांच्या लहान सॅकमध्ये त्या बरोबर बसतात. फोन आणि पैशांसाठी दुधाची धुतलेली पिशवी आणि एक रबर.

छत्री एकच न्या, आईंसाठी. बाकीच्यांना पातळ रेनकोट, म्हणजे तुझा हात मोकळा राहील.

---

चाफेकळी

हात मोकळा राहील हे तुझ्या लक्षात राहिलं, त्याबद्दल खूप आभार गं. तांदळाच्या पिशव्यांचा उपाय तर थोर आहे, माझ्याकडे तीन पडून आहेत.

आता एक नाजूक प्रश्न. कपडे, टॉवेल, चादर हे सगळं सुटलं. मुलांना आपापल्या पिशव्या दिल्या आहेत. आईंनी त्यांची पिशवी स्वतः भरली : दोन साड्या, औषधं, जपमाळ आणि पोथी. ही पोथी मोठ्या अक्षरांची, पुठ्ठ्याच्या बांधणीची, लाल कापडात गुंडाळलेली. सकाळी सहजच काट्यावर ठेवली तर एक किलो दोनशे ग्रॅम. त्यांच्या पिशवीत ती ठेवली तर त्यांना पिशवी जड होते, म्हणजे ती माझ्या सॅकमध्ये येणार. काय करू?

---

विमानवेडा

फोनवर पीडीएफ. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. शून्य ग्रॅम.

---

मावळतीचा वारा

किंवा ऑडिओ. सकाळी लावून द्यायचं.

---

तुळसमंजिरी

नको. पोथी न्या.

माझ्या सासऱ्यांना आम्ही एकदा असंच फोनवर दिलं होतं. त्यांनी दोन दिवस काही म्हटलं नाही, नुसते गप्प गप्प होते. घरी आल्यावर आंघोळ करून आधी पोथी उघडली तेव्हा चेहरा खुलला. मला फार वाईट वाटलं. त्या माणसाला पान उलटायचं असतं, बोट ओळीवरून फिरवायचं असतं. आपण किटली घरी ठेवली ती कशासाठी? अशाच एका वस्तूला जागा व्हावी म्हणून.

---

सदाशिव काका

तुळसमंजिरींना पूर्ण अनुमोदन.

---

गडवाटा

न्या. सॅकमध्ये पाठीला चिकटून, मध्यभागी उभी ठेवा. जड वस्तू पाठीजवळ असली की ओझं मागे ओढत नाही. बाहेरच्या कप्प्यात ठेवली तर तेवढंच वजन दुप्पट वाटतं आणि माणूस पुढे वाकून चालतो. वर कपड्यांच्या वळकट्या, तळाशी लुगडं.

---

भोरची भाकरी

खाण्यावर कोणी बोललंच नाही की! प्रवासाला डबा नको? दशम्या करा. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचं, दोन दिवस छान टिकतात, मऊ राहतात. सोबत तिळाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी. लोणचं नको, तेल गळतं.

---

बावधनकर

दिवेआगरला घरगुती खानावळीत उकडीचे मोदक मिळतात आणि तुम्ही दोन दिवसांच्या दशम्या नेणार?

---

भोरची भाकरी

दोन दिवसांच्या नव्हे, जातानाच्या पाच-सहा तासांच्या. लहान मुलं आणि वयस्क बाई बरोबर आहे, एसटी जिथे थांबेल तिथलं तेलकट कशाला? आणि डबा कापडात बांधून न्यायचा, स्टीलचा नाही. दशम्या संपल्या की कापड घडी करून खिशात. रिकामा डबा परत वाहायचा नाही, हा आमच्या घरचा नियम.

---

रविवारपेठी

कापडातली शिदोरी! हे आवडलं.

---

वारीचा वाटसरू

मी गेली काही वर्षं माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड हा एक टप्पा चालतो. दिवे घाट त्यातच येतो. लोकांना वाटतं वारकरी किती हलके चालतात, खांद्यावर पताका, गळ्यात टाळ, झालं. पण दिंडीचा ट्रक पुढे गेलेला असतो. तंबू, शिधा, कपड्यांच्या पिशव्या सगळं त्यात. मुक्कामाला पोहोचायच्या आत चूल पेटलेली असते. हलकं चालणाऱ्यांच्या मागे असं कोणीतरी राबत असतं, म्हणून 'तुळसमंजिरी' यांचं म्हणणं मला मनापासून पटलं.

माझ्या शेजारी चालणाऱ्या एका मावशींकडे एकच कापडी पिशवी होती. त्यांनी ती उघडली तेव्हा मी बघितली : एक पातळ, कंगवा, हळदी-कुंकवाची डबी आणि पिशवीच्या आत घडी केलेली दुसरी रिकामी पिशवी. विचारलं तर म्हणाल्या, "पंढरपूरहून चुरमुरे-बत्तासे, कुंकू न्यायचंय की घरी." जाण्याआधी येण्याची जागा त्यांनी करून ठेवली होती.

---

निशिगंध

हे फार महत्त्वाचं! चाफेकळी, श्रीवर्धनच्या भागातून कोणी मोकळ्या हाताने आलंय का? रोठा सुपारी, कोकम, पोह्याचे पापड, फणसपोळी. घडीची कापडी पिशवी घेच.

---

पिरंगुटची पोर

आणि पायात काय घालणार? हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेची वाट समुद्राकाठच्या खडकांवरून जाते. कॅनव्हासचे बूट भिजले की परत येईपर्यंत ओलेच राहतील. मागे पट्टा असलेल्या सँडल घाला सगळ्यांनी, एकच जोड. आणि भरतीच्या वेळी त्या वाटेवर जायचं नाही. देवळात वेळ विचारून मगच निघा. मुलांचा हात धरून.

---

चाफेकळी

मंडळी, काल रात्री परत आलो. सगळ्यांना नीट सांगते.

माझी सॅक निघताना सहा किलो शंभर ग्रॅम, पोथी धरून. मुलीची अडीच किलो, मुलाची पावणेदोन. आईंच्या खांद्याला छोटी झोळी. स्वारगेटला श्रीवर्धनची गाडी लागली तेव्हा नेहमीची झुंबड उडाली. मी डावा हात आईंच्या दंडाला दिला, उजव्या हाताने दांडा धरला आणि आम्ही दोघी एका दमात वर चढलो. दरवेळी मी पिशव्या खाली ठेवून, त्यांना चढवून, पुन्हा पिशव्यांसाठी उतरते. आई जागेवर बसल्यावर म्हणाल्या, "आज तू किती निवांत दिसतेस." मला भरून आलं.

काय उपयोगी पडलं : पंचे (चारही), लुगडं (खोलीतल्या चादरी स्वच्छ होत्या, पण किनाऱ्यावर मुलीला आडोशाला ते लागलंच), तांदळाच्या पिशव्या. शनिवारी दुपारी रूपनारायणाच्या देवळातून निघालो आणि पाऊस आला. मुलाची सॅक बाहेरून निथळत होती, आतले कपडे कोरडे. पिळाची युक्ती मुलांनी खेळासारखी केली, दोघं दोन टोकं धरून. मुलगा आपला एक टी-शर्ट विसरला होता, तर धुतलेलाच वाळवून घातला. कुरकुर नाही.

काय राहिलं : सेफ्टी पिना आणि कपडे वाळत घालायला दोरी. खोलीत एकच खुंटी होती. खानावळीच्या काकूंनी सुतळी दिली. चार हात सुतळी आता माझ्या सॅकच्या खिशात कायमची.

काय उगाच नेलं : माझा एक ओढणीचा ड्रेस, 'कुठे बाहेर जेवायला गेलो तर' म्हणून. घडी मोडली नाही. आणि तुळसमंजिरी, अहोंचा फोन आला होता, नेलकटर सापडत नव्हता. मी सांगितलं नाही, शोधा म्हटलं. सापडला त्यांना.

दिवेआगरच्या सुवर्णगणेशाचं दर्शनही शांत झालं. आई बराच वेळ तिथे बसल्या. २०१२ साली गणेशाचा सोन्याचा मुखवटा चोरीला गेला तेव्हा त्यांनी महिनाभर गोड सोडलं होतं, हे मला परवा पहिल्यांदा कळलं. नंतर २०२१ मध्ये पुन्हा प्रतिष्ठापना झाली, तेव्हापासून त्यांना इथे यायचं होतं. कधी बोलल्या नाहीत.

पोथी : दोन्ही दिवस पहाटे त्या ओसरीत वाचत बसल्या. रविवारी मुलगा त्यांच्या मांडीशी जाऊन बसला आणि त्यांचं बोट ज्या ओळीवर होतं ती जोडाक्षरं मोठ्याने लावून वाचत होता. तासभर तरी.

---

तुळसमंजिरी

वाचून डोळ्यांत पाणी आलं गं.

---

गडवाटा

खुंटी आणि दोरीचं लक्षात ठेवतो. मी दोर नेतो पण सुतळी कधी नेली नाही.

---

निशिगंध

आणि ती घडीची पिशवी?

---

चाफेकळी

भरून आली! दोन किलो रोठा सुपारी, एक किलो आमसुलं, पोह्याचे पापड. आईंनी ती मला उचलू दिली नाही. मुलांनी दोघांनी एकेक बंद धरून स्वारगेटपासून रिक्षापर्यंत आणली.